पीसीवरच्या एम्युलेटरमध्ये अँड्रॉइडचं व्हर्जन बदलणं: ब्लूस्टॅक्स, एलडीप्लेअर, नॉक्स, मेमू आणि अँड्रॉइड स्टुडिओ

मोबाइलवर अपडेट आलं की बटण दाबायचं, फोन रीस्टार्ट होतो आणि फोटो, ॲप, मेसेज सगळं जागच्या जागी असतं. एम्युलेटरमध्ये, म्हणजे पीसीवर अँड्रॉइड फोन उभा करणाऱ्या प्रोग्राममध्ये, तसं बटण शोधत बसू नका, ते नसतंच. ब्लूस्टॅक्सच्या सेटिंग्जमध्ये 'अपडेट' दिसतं, पण ते ब्लूस्टॅक्स या विंडोज प्रोग्रामचं अपडेट आहे. आतलं अँड्रॉइड जे होतं तेच राहतं. इथे व्हर्जन बदलायचं म्हणजे जुन्या फोनशेजारी दुसरा, कोरा फोन उभा करायचा. अशा प्रत्येक फोनला 'इन्स्टन्स' म्हणतात. ही गोष्ट कोणता एम्युलेटर सरळ सांगतो आणि कोणता गोंधळात टाकतो, त्यावरून इथे पसंती ठरवली आहे.

त्याआधी, व्हर्जन खरंच बदलायला हवं का ते पाहा. प्ले स्टोअर 'हे ॲप तुमच्या डिव्हाइसशी सुसंगत नाही' म्हणतं तेव्हा दरवेळी व्हर्जनच जुनं असतं असं नाही. एपीके (ॲपची इन्स्टॉल फाइल) एडीबीने, म्हणजे पीसीवरून अँड्रॉइडला कमांड देणाऱ्या साधनाने, टाकून बघा, खरं कारण एररमध्येच येतं. 'ओल्डर एसडीके' असं आलं तर ॲपला वरचं अँड्रॉइड हवंय. 'नो मॅचिंग एबीआयज' आलं तर व्हर्जनचा दोष नाही. ॲप एआरएम प्रोसेसरसाठी बांधलेलं आहे आणि तुमच्या इन्स्टन्समध्ये ते चालवायची सोय नाही. उलट दिशेनेही अडतं. अँड्रॉइड १४पासून एपीआय २३च्या, म्हणजे अँड्रॉइड ६च्या, खाली टार्गेट केलेली जुनी ॲप इन्स्टॉलच होऊ दिली जात नाहीत. दहा वर्षांपूर्वीचा एखादा गेम हवा असेल तर नवं व्हर्जन घेणं म्हणजे स्वतःच दार लावून घेणं.

जुन्यातही फार मागे जाऊ नका. क्रोमने ११९व्या व्हर्जननंतर नूगाट (अँड्रॉइड ७) सोडलं, आता तर किमान अँड्रॉइड १० लागतं. ७.१.१च्या खालच्या अँड्रॉइडमध्ये वेबसाइटना सुरक्षा सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं सध्याचं मूळ (रूट) सर्टिफिकेट नसतं, त्यामुळे बऱ्याच वेबसाइट सर्टिफिकेटची तक्रार करत उघडत नाहीत. लोक तेव्हा इंटरनेट तपासत बसतात, दोष मात्र व्हर्जनचा असतो.

ब्लूस्टॅक्स ५

गेमसाठी किंवा एखाददुसऱ्या ॲपसाठी एम्युलेटर वापरणाऱ्यांना पहिली शिफारस याची. व्हर्जनच्या बाबतीत हा सगळ्यात सरळ आहे. एकाच प्रोग्रामात नूगाट ३२-बिट, नूगाट ६४-बिट, पाय (अँड्रॉइड ९) ६४-बिट, अँड्रॉइड ११ आणि नव्या बिल्डमध्ये अँड्रॉइड १३ शेजारी-शेजारी ठेवता येतात.

कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकदम दाबा, मल्टी-इन्स्टन्स मॅनेजर उघडतो. खाली 'इन्स्टन्स'चं बटण आहे. त्यात 'फ्रेश इन्स्टन्स' निवडायचं. 'क्लोन' नाही, कारण क्लोन मूळ व्हर्जनचीच नक्कल काढतो. मग अँड्रॉइडचं व्हर्जन, पुढच्या पानावर सीपीयू कोअर, रॅम, रिझोल्यूशन, डीपीआय. ८ जीबी रॅमच्या मशिनवर इन्स्टन्सला ४ कोअर आणि ४ जीबी द्या, त्याहून जास्त नको, नाहीतर विंडोजच गुदमरेल. त्या व्हर्जनचं इंजिन पहिल्यांदा डाउनलोड होतं. पुढे त्याच व्हर्जनचा दुसरा इन्स्टन्स काढलात तर पुन्हा डाउनलोड नाही.

नंतरची एक चूक मात्र हमखास होते. नवा इन्स्टन्स तयार होतो आणि त्याला 'ब्लूस्टॅक्स ॲप प्लेअर १' असं नाव पडतं. डेस्कटॉपवरचा आयकॉन मात्र जुन्याच इन्स्टन्सचा असतो. तो उघडतो, 'सेटिंग्ज'मध्ये नूगाटच दिसतं आणि माणूस म्हणतो, व्हर्जन बदललंच नाही! नवा इन्स्टन्स मॅनेजरमधून 'स्टार्ट' करायचा आणि लगेच त्याचं नाव बदलून 'पाय ६४', 'अकरा' असं काहीतरी ठेवायचं. तीन महिन्यांनी कोणत्या खिडकीत काय आहे हे नावाशिवाय कळत नाही. एपीके टाकतानाही फाइलवर डबल-क्लिक करण्यापेक्षा ती ओढून चालू खिडकीवर सोडा, म्हणजे चुकीच्या इन्स्टन्समध्ये जायची भानगड नाही.

नूगाट ३२ला काही लोक 'हलकं' म्हणून चिकटून राहतात. जुन्या मशिनवर ते खरंही आहे. पण फक्त ६४-बिट एआरएमसाठी निघालेलं ॲप त्यात कधीच चालणार नाही, रॅम कितीही वाढवा. व्हर्जन बदलायचं खरं कारण पुष्कळदा अँड्रॉइडचा आकडा नसतो, ३२ की ६४ हे असतं. एकच इन्स्टन्स ठेवायचा असेल तर पाय ६४ ठेवा. कुठल्या ॲपने वरचं मागितलंच तर ११ काढा. १३ फक्त नवं आहे म्हणून घेण्यात अर्थ नाही.

तक्रार एक आहे, ती जागेची. प्रत्येक इन्स्टन्सची स्वतःची व्हर्च्युअल डिस्क असते. ती ॲप टाकलं की फुगते, पण ॲप काढलं तरी आपोआप आटत नाही. नवा इन्स्टन्स नीट चालतोय याची खात्री झाली की जुना डिलीट करा. ठेवायचाच असेल तर मॅनेजरमधलं डिस्क क्लीनअप चालवा.

एलडीप्लेअर, नॉक्स, मेमू

एलडीप्लेअर चालायला चपळ आहे, पण आकड्यांनी घोळ घालतो. एलडीप्लेअर ४ म्हणजे अँड्रॉइड ४ नव्हे, त्यात ७.१ आहे. एलडीप्लेअर ९मध्ये मात्र अँड्रॉइड ९च आहे. इथे व्हर्जन बदलायचं म्हणजे इन्स्टन्स नाही, अख्खा वेगळा प्रोग्राम इन्स्टॉल करायचा. दोन्ही एकाच पीसीवर नांदतात, फक्त फोल्डर वेगळे ठेवा. एलडीमल्टिप्लेअर या त्याच्या मॅनेजरमध्ये बॅकअप आणि रिस्टोअर आहे, त्यावरून जुन्यातलं सगळं नव्यात उचलता येईल असं वाटतं. ७.१चा बॅकअप ९मध्ये ओतायच्या नादी लागू नका. बॅकअपमध्ये डिस्कसकट अख्खी सिस्टिम असते. ती सोय त्याच व्हर्जनमध्ये, त्याच मशिनवर किंवा दुसऱ्या मशिनवर परत उभं राहण्यासाठी आहे.

नॉक्स आणि मेमू या बाबतीत ब्लूस्टॅक्ससारखे आहेत. मल्टी-मॅनेजर उघडा, 'ॲड' करा, व्हर्जन निवडा. नॉक्समध्ये ५, ७, ९ आणि १२ मिळतात, मेमूत ५.१, ७.१ आणि ९. अँड्रॉइड ५चा इन्स्टन्स खरोखर हवा असेल तर तो या दोघांकडे मिळतो. अमुक एका जुन्या ॲपपुरता तो ठीक. रोजच्या वापराला नको, त्याचं कारण वर सर्टिफिकेटच्या निमित्ताने आलंच आहे.

अँड्रॉइड स्टुडिओ

ॲप बनवणाऱ्यांना आणि टेस्ट करणाऱ्यांना याला पर्याय नाही. वरचे सगळे एम्युलेटर गेमसाठी फेरफार केलेलं अँड्रॉइड देतात, इथे गूगलची मूळ इमेज, म्हणजे अँड्रॉइडची तयार प्रत, मिळते आणि जवळपास प्रत्येक व्हर्जनची मिळते. किंमत मोजायची ती जागेत आणि रॅममध्ये. एका नव्या इमेजचं डाउनलोडच दीड जीबीच्या आसपास. इमेज, डेटा आणि स्नॅपशॉट (चालू स्थितीची साठवलेली नक्कल) मिळून एका डिव्हाइसला सात-आठ जीबी सहज जातात. १६ जीबी रॅम आणि एसएसडी नसेल तर वाटेला जाऊ नका.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये अधिकच्या खुणेवर क्लिक करा, हार्डवेअर प्रोफाइल निवडा, मग सिस्टिम इमेज. इथे अँड्रॉइडचा आकडा नव्हे, एपीआय लेव्हल, म्हणजे डेव्हलपरसाठीचा व्हर्जन-क्रमांक, बघायची सवय लागते. ९ म्हणजे २८, ११ म्हणजे ३०, १३ म्हणजे ३३, १४ म्हणजे ३४, १५ म्हणजे ३५. मध्येच ३१ आणि ३२ हे दोन्ही १२चेच, दुसरा १२एलचा.

इमेजचे प्रकार मात्र नीट बघा, पस्तावायची वेळ इथेच येते. 'गूगल प्ले'च्या इमेजमध्ये प्ले स्टोअर आहे, पण रूट, म्हणजे सिस्टिम बदलायचा पूर्ण अधिकार, मिळत नाही. एडीबी सरळ सांगतो की प्रॉडक्शन बिल्डवर रूट म्हणून चालता येणार नाही. 'गूगल एपीआयज'मध्ये प्ले स्टोअर नाही, रूट आहे. सिस्टिममध्ये सर्टिफिकेट टाकून ॲपचं नेटवर्क तपासायचं असेल तर 'गूगल एपीआयज'चीच घ्या. अँड्रॉइड ७पासून ॲप वापरकर्त्याने टाकलेल्या सर्टिफिकेटवर, वेगळं सांगितल्याशिवाय, विश्वासच ठेवत नाहीत. आणि जुनं ३२-बिट एआरएम ॲप चालवायचं असेल तर एपीआय ३०ची इमेज धरा. त्यात एआरएमचं भाषांतर आहे आणि ३२-बिटही चालतं, ३१पासून पुढच्या ६४-बिट इमेजमध्ये ती सोय गेली.

अँड्रॉइड स्टुडिओचं वेगळेपण असं की आधीच्या डिव्हाइसची सिस्टिम इमेज 'एडिट'मध्ये जाऊन बदलता येते. म्हणजे इथे खरोखर जागेवर व्हर्जन बदलतं? अर्धंच. इमेज बदलते, पण डेटाचं पार्टिशन जुनंच राहतं. २८वरून ३०वर गेलात तर पहिलं बूट लांबतं, कदाचित नीट सुरूही होईल. ३४वरून ३०वर आलात तर खिडकीत अँड्रॉइडचा लोगो फिरत राहतो, दहा मिनिटांनीही फिरतच असतो. सेटिंग्जचा आणि इतर सिस्टिम सेवांचा डेटाबेस नव्या व्हर्जनने लिहिलेला असतो. जुनी सिस्टिम तो उलटा उतरवून घेऊ शकत नाही, सेवा कोसळते, पुन्हा सुरू होते, पुन्हा कोसळते. लोक याला 'एम्युलेटर हँग झाला' म्हणतात. उपाय: डिव्हाइसच्या तीन टिंबांच्या मेनूतून 'वाइप डेटा', मग 'कोल्ड बूट', म्हणजे अगदी कोरी सुरुवात. क्विक बूटने सुरू केलं तर जुना स्नॅपशॉट मध्ये लुडबुड करू शकतो. आणि वाइपच करायचं तर नवं डिव्हाइसच का काढू नये, हा प्रश्न रास्त आहे. नवंच काढा.

मराठी ॲप तपासणाऱ्यांनी प्रत्येक व्हर्जनवर सिस्टिमची भाषा मराठी करून 'कऱ्हाड', 'दऱ्याखोऱ्या', 'सुऱ्या' हे शब्द आणि ल, श ही अक्षरं डोळ्यांनी बघावीत. इमेजबरोबर फाँट आणि अक्षरं जुळवणारी यंत्रणाही बदलते. एका व्हर्जनवर मराठी वळणाचा ल दिसला म्हणून सगळीकडे तोच दिसेल असं गृहीत धरू नका. १५च्या इमेजमध्ये १६ केबी पेज साइजची (मेमरी १६ केबीच्या तुकड्यांत वापरणारी) वेगळी इमेज आहे, प्ले स्टोअरवर ॲप टाकणाऱ्यांनी तिच्यावरही एक फेरी मारावी. १ नोव्हेंबर २०२५पासून अँड्रॉइड १५ आणि पुढे टार्गेट करणाऱ्या नव्या ॲपना आणि अपडेटना १६ केबीवर चालण्याची अट लागू झाली आहे.

नवा इन्स्टन्स सुरूच होत नाही तेव्हा

जुना नूगाट चालत होता आणि नवा ६४-बिट चालेना, तर आधी टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स', 'सीपीयू' इथे 'व्हर्च्युअलायझेशन' सुरू आहे का बघा. बंद असेल तर बायोसमध्ये इंटेलवर 'व्हीटी-एक्स', एएमडीवर 'एसव्हीएम मोड'. सुरू असूनही अडत असेल तर हायपर-व्हीकडे, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशिन यंत्रणेकडे (हायपरव्हायझर), वळा. अँड्रॉइड स्टुडिओला हायपर-व्ही चालतं, 'विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म' हे विंडोज फीचर्समध्ये टिक करा. जुन्या लेखांत सांगतात ते इंटेलचं हॅक्सम आता टाकू नका, त्याचं काम २०२३मध्येच थांबलं. काही गेमिंग एम्युलेटर मात्र हायपर-व्ही बंद करायला सांगतात. ते बंद करूनही फरक पडला नाही तर विंडोज सिक्युरिटीतलं 'मेमरी इंटिग्रिटी' तपासा, हायपरव्हायझर त्यामुळेही चालू राहतो. ते बंद केल्याने संरक्षण कमी होतं आणि हायपर-व्ही घालवलं की विंडोजमध्ये लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल २ही थांबतं. नुसत्या गेमसाठी हा सौदा महाग आहे, हायपर-व्हीसह चालणारा एम्युलेटर घ्या.

ब्लूस्टॅक्स आणि अँड्रॉइड स्टुडिओ एकाच वेळी चालवणाऱ्यांसाठी आणखी एक खोच: ब्लूस्टॅक्सचा पहिला इन्स्टन्स एडीबीला ५५५५ पोर्टवर भेटतो, आणि अँड्रॉइड स्टुडिओचं पहिलं डिव्हाइसही तोच पोर्ट धरतं. ॲप भलत्याच व्हर्जनवर जाऊन पडतं. ब्लूस्टॅक्सच्या 'ॲडव्हान्स्ड'मधलं एडीबी गरज नसेल तेव्हा बंद ठेवा.

डेटाचं काय

गेमची प्रगती बहुतेक वेळा सर्व्हरवर असते, पण गेस्ट म्हणून खेळत असाल तर ती त्या इन्स्टन्सशीच बांधलेली. जुना इन्स्टन्स डिलीट करण्याआधी त्यातच गेम उघडून गूगल किंवा अन्य खातं जोडा, नव्यात लॉगिन करून लेव्हल दिसते का बघा, आणि मगच जुना काढा. हा क्रम उलटा झाला तर परत मिळवायची वाट नाही. फोटो-फाइलींसाठी ब्लूस्टॅक्सचा मीडिया मॅनेजर किंवा इतरांचं शेअर्ड फोल्डर पुरतं.

बिल्ड प्रॉप ही सिस्टिमची माहिती ठेवणारी फाइल बदलून 'अँड्रॉइड १३' दाखवायची युक्तीही फिरत असते. त्याने 'अबाउट फोन'मधला आकडा बदलतो, खालचं एपीआय बदलत नाही. ॲप इन्स्टॉल होतं आणि नसलेलं फंक्शन मागताच बंद पडतं.

आणि यूपीआय ॲपसाठी कोणी व्हर्जन वर-खाली करत असेल तर वेळ वाया जातोय. त्यांना तुमच्या सिमवरून एसएमएस पाठवून फोन आणि नंबर बांधायचा असतो. एम्युलेटरमध्ये सिमच नाही, मग अँड्रॉइड ९ असो की १४.