मूडचे इंग्रजी शब्द शिकवणारं ॲप: वर्गणी संपताना लिहिलेला अनुभव

वर्गणी संपत आल्याची सूचना आली, सोबत पुढच्या वर्षाची रक्कम. म्हणून आत्ताच लिहून टाकतो. अशी ॲप्स कशी चालतात हे वाचणाऱ्यांना माहीत असेलच: कार्ड, उच्चार, चाचणी, विसरलेलं कार्ड पुन्हा समोर. तेवढं सगळं यात आहे आणि बिनबोभाट चालतं. माझं वाकडं आहे ते चेहऱ्यांशी.

ग्लॅड, प्लीज्ड, डिलाइटेड, कंटेंट, थ्रिल्ड, सगळ्यांना एकच पिवळा गोल चेहरा. फरक फक्त दात किती दिसतात याचा! चाचणीतही चेहरा दाखवून चार पर्याय. सगळे दात दिसले की थ्रिल्ड, ओठ मिटलेले असले की कंटेंट. गुण भरभरून मिळतात, पण ईमेल लिहायला बसलं की यातला कुठला शब्द घालायचा ते कळत नाही. आहे त्यात समाधानी असलेला माणूस आणि आनंदाने उडी मारायच्या बेतात असलेला माणूस यांतला फरक दातांवरून कसा शिकायचा?

तक्रार केली. उत्तर आलं, ‘वुई आर थ्रिल्ड टु हिअर फ्रॉम यू.’ तक्रार वाचून थ्रिल्ड! पुन्हा सविस्तर लिहिलं, पुन्हा तेच वाक्य. मग तक्रार परस्पर बंद केली आणि ‘आमची सेवा कशी वाटली?’ म्हणून पाच पिवळे चेहरे पाठवले.

इथपर्यंत दोनच तारे देणार होतो. पण वर्गणी रद्द करायचं बटण शोधताना सेटिंग्जमध्ये ‘वाक्यात वापर’ नावाचा विभाग सापडला, तोही मुळात बंद ठेवलेला. खरा माल इथे आहे. ‘अ ग्लॅड मॅन’ सहसा कोणी म्हणत नाही, ‘अ चिअरफुल मॅन’ म्हणतात. डिलाइटेडमध्ये ‘खूप’ आधीच आलेलं असतं, त्यामुळे त्याआधी ‘व्हेरी’ खटकतं, ‘ॲब्सोल्यूटली’ शोभतं. ‘ही इज इन अ मूड’ म्हणजे स्वारीचं बिनसलंय, तर ‘इन द मूड फॉर’ म्हणजे एखादी गोष्ट करावीशी वाटणं. ‘क्वाइट हॅपी’ ब्रिटिश माणूस म्हणाला तर बहुतेक वेळा ‘बऱ्यापैकी खूश’, अमेरिकन म्हणाला तर ‘चांगलाच खूश’. प्रत्येक वाक्य दोन्ही उच्चारांत ऐकता येतं, आवाजही खऱ्या माणसांचे वाटतात. हे दडवून दात कशाला पुढे केले, देव जाणे. तारे साडेतीन.

तरी पैसे पुन्हा भरणार नाही. विसरलेलं कार्ड लवकर आणि आठवलेलं उशिरा दाखवायचं, ही युक्ती जर्मन विज्ञानलेखक सेबास्टियन लाइटनर यांनी 1972 मध्ये कागदी कार्डं आणि खोक्याच्या कप्प्यांवर मांडली होती. तेच काम अँकी नावाचं कार्डांचं ॲप संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट करतं. आयफोनवर मात्र त्याला पैसे पडतात. शब्दांचा वापर कळल्यावर माझी स्वतःची वाक्यं तिथे टाकली. स्वतः लिहिलेलं वाक्य जास्त टिकतं, शिवाय तिथे कोणी दात दाखवत नाही.

घ्यायचंच असेल तर सगळ्यात छोट्या मुदतीचं घ्या, चेहऱ्यांची चाचणी सोडा आणि थेट वाक्यांकडे जा. आपोआप नूतनीकरण पहिल्याच दिवशी बंद करा. नुसतं ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही, ती प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरच्या खात्यात जाऊन रद्द करावी लागते.