जुन्या रेल्वे यार्डाचे काय करावे: कल्याण, डेन्व्हर आणि मॅनहॅटन

शहराच्या मध्यावर पसरलेले जुने यार्ड उपनगरी वाहतुकीच्या कामी आणायचे ठरले, की रेल्वे, महापालिका, प्रवासी संघटना आणि बांधकाम व्यावसायिक यांच्याकडून वेगवेगळे आराखडे पुढे येऊ लागतात. मात्र बारकाईने पाहिले तर त्यांतले बहुतेक आराखडे तीन साच्यांत बसतात. पहिल्या साच्यात यार्ड रेल्वेकडेच राहते आणि आतल्या रुळांची नव्याने मांडणी होते. कल्याण जंक्शनसाठी हा मार्ग निवडला गेला आहे. दुसऱ्यात यार्ड मोकळे करून थोडी जागा नव्या स्थानकाला आणि उरलेली शहराच्या वाढीला दिली जाते. अमेरिकेतील डेन्व्हरने हे केले. तिसऱ्यात यार्ड चालू ठेवून त्याच्यावर छत घातले जाते आणि त्या छतावर इमारती उभ्या राहतात. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातील हडसन यार्ड्स हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. आपल्या गावच्या यार्डाबद्दल हरकती-सूचना नोंदवणाऱ्या किंवा समितीत बसून मत देणाऱ्या वाचकासाठी ही तुलना आहे. तिची कसोटी एकच ठेवली आहे: बदल पूर्ण झाल्यावर गर्दीच्या तासात किती गाड्या एकमेकींना न अडवता तिथून जाऊ शकतील.

कल्याणपासून सुरुवात करू. ठाण्यापुढची रेल्वे १ मे १८५४ रोजी कल्याणला पोहोचली आणि पुढे घाटांच्या दोन वाटांमुळे इथेच मार्गाला फाटे फुटले. एक कसाऱ्यावरून नाशिककडे, दुसरा कर्जतवरून पुण्याकडे. दोन्ही फाट्यांवरच्या लोकल आणि मेल-एक्स्प्रेस कल्याणला एकाच फलाटसमूहात येतात, आणि एका बाजूची गाडी दुसऱ्या बाजूच्या रुळांवर नेताना मधले सर्व सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते त्या जागा, तेवढा वेळ अडून राहतात. लांब पल्ल्याची गाडी सावकाश फलाटाला लागेपर्यंत मागची लोकल बाहेर सिग्नलला उभी, हा अनुभव तिथल्या प्रत्येक पासधारकाला आहे. अशा ठिकाणी पुढच्या टप्प्यात कितीही मार्गिका वाढवल्या तरी त्यांची क्षमता या सांध्यांवर येऊन संपते.

२०१९ मध्ये मंजूर झालेल्या एमयूटीपी ३ अ या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या टप्प्यामध्ये कल्याण यार्डाची पुनर्रचना समाविष्ट आहे आणि तिचा अंदाजित खर्च ८०० कोटी रुपयांहून अधिक आहे. माल यार्डाच्या जागेत लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी सहा नवे फलाट बांधायचे, आणि सध्याचे फलाट मुख्यतः लोकलसाठी मोकळे करायचे, असा त्या योजनेचा गाभा आहे. या मार्गात रेल्वेची जमीन हातची जात नाही, आणि फायदा फक्त कल्याणकरांना मिळत नाही. कल्याणला चुकलेले वेळापत्रक ठाणे, दादर करत सीएसएमटीपर्यंत भोवते, त्यामुळे इथली सुधारणा त्या सगळ्या मार्गावर जाणवेल.

तोटेही तितकेच स्पष्ट आहेत. जमीन विकून पैसा येणार नसल्यामुळे सगळा भार सरकारी तिजोरीवर पडतो. गाड्या चालू ठेवून रात्री आणि रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये काम करावे लागते, आणि प्रवाशाला कित्येक वर्षे गैरसोयीखेरीज काहीच दिसत नाही. २००८ मध्ये मंजूर झालेल्या ठाणे–दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिका प्रत्यक्षात फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाल्या, यावरून चालू मार्गालगतच्या कामाचा वेग ध्यानात यावा. हा पर्याय निवडणाऱ्याने उद्घाटनाची घाई असलेल्या लोकप्रतिनिधीच्या पाठिंब्यावर फारसे विसंबू नये.

डेन्व्हरची कथा नेमकी उलटी, आणि म्हणूनच ती आपल्याकडे अधिक मोहात पाडते. तिथल्या युनियन स्टेशनमागचे विस्तीर्ण यार्ड मालवाहतुकीला पूर्वीसारखे लागेनासे झाले होते. २००१ मध्ये तिथल्या प्रादेशिक वाहतूक संस्थेने शहर, राज्य आणि प्रादेशिक नियोजन संस्थेच्या साथीने स्थानक आणि लगतची सुमारे २० एकर जागा विकत घेतली. २००४ मध्ये मतदारांनी विक्रीकरात ०.४ टक्के वाढ मान्य केली आणि त्यातून नव्या मार्गांचा मोठा कार्यक्रम उभा राहिला. स्थानकाच्या पुनर्रचनेचा खर्च सुमारे ५० कोटी डॉलर होता. त्यापैकी सुमारे ३० कोटी डॉलर दोन संघीय कर्जांतून आले. भोवतालच्या नव्या इमारतींमुळे वाढणारा कर या कर्जांच्या परतफेडीसाठी बांधून ठेवलेला होता, आणि कर्जे मुदतीच्या बरीच आधी, २०१७ मध्ये, चुकती झाली. आर्थिक बाजूने पाहता तिन्ही उदाहरणांत हे सर्वांत स्वच्छ आहे.

प्रवाशाला काय मिळाले तेही कमी नाही. १९१४ ची देखणी मध्यवर्ती इमारत जपली गेली, २०१४ मध्ये २२ थांब्यांचे भुयारी बस स्थानक सुरू झाले, आणि २२ एप्रिल २०१६ रोजी विमानतळापर्यंतची विजेवरची गाडी धावू लागली. सुमारे ३७ किलोमीटरचे अंतर ती साधारण तितक्याच मिनिटांत कापते. तिच्या तारांमधला वीजदाब मुंबईच्या लोकलइतकाच, म्हणजे २५ हजार व्होल्ट, आहे. पुढे आणखी तीन मार्ग त्याच छताखाली आले.

पण रुळांकडे पाहिले की आनंद निम्मा होतो. नव्या रचनेत मुख्य स्थानकाच्या मागे आठ मार्ग आहेत आणि ते सर्व तिथेच संपतात. गाडीला सरळ पुढे दक्षिणेकडे जायला वाट उरलेली नाही, कारण त्या दिशेची जमीन बांधकामाला गेली. लांब पल्ल्याच्या कॅलिफोर्निया झेफरला आत-बाहेर करताना उलटे चालावे लागते. फोर्ट कॉलिन्सपासून प्वेब्लोपर्यंत उत्तर-दक्षिण प्रवासी रेल्वेचा विचार आता सुरू आहे आणि तिला हीच अडचण सतावणार आहे. दक्षिण उपनगरांची हलकी रेल्वे जुन्या इमारतीपासून दूर, मालगाड्यांच्या मार्गालगत थांबते. तिथून विमानतळाची गाडी पकडायची तर भुयारी बस स्थानकाच्या जवळजवळ पूर्ण लांबीइतके चालावे लागते. शिवाय बोल्डर आणि लॉंगमाँटला आश्वासन दिलेला मार्ग वेस्टमिन्स्टरपाशी, जेमतेम दहा किलोमीटरवर, थांबला आहे. कर मात्र त्या गावांचे रहिवासीही भरत आले आहेत. याचा दोष स्थानकाला देता येणार नाही, पण स्थानकाची चमक पाहून संपूर्ण योजना यशस्वी झाली असे मानणाऱ्याने त्या रहिवाशांना विचारून पाहावे.

मॅनहॅटनबद्दल थोडक्यात लिहिले तरी चालेल, कारण तो पर्याय आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी लागू पडतो. लाँग आयलंड रेलरोडच्या सुमारे २६ एकरांच्या या यार्डात सकाळची गर्दी ओसरल्यावर गाड्या उभ्या राहतात. १९८० च्या दशकात ते बांधले गेले नसते तर त्या रिकाम्या गाड्या पूर्व नदीखालून क्वीन्सला परत धाडाव्या लागल्या असत्या. म्हणजे उपनगरी सेवेची खरी गरज भागवणारे यार्ड तिथे आधीच होते आणि पुढेही तसेच राहिले. पूर्वेकडच्या अर्ध्या भागातील ३० मार्गांवर छत पडले आणि मार्च २०१९ मध्ये तो परिसर लोकांसाठी खुला झाला. मेट्रोच्या ७ क्रमांकाच्या मार्गाचा विस्तार २०१५ मध्येच तिथे पोहोचला होता. पश्चिमेकडचा अर्धा भाग मात्र अजून उघडाच आहे. चालू यार्डात खांब रोवण्याचा खर्च इतका असतो, की जमिनीचा भाव गगनाला भिडलेला असेल तरच हिशेब जुळतो.

एक गोष्ट मात्र तिथून जरूर उचलावी. हडसन नदीखालून भविष्यात येणाऱ्या नव्या बोगद्याची वाट इमारतींच्या पायांनी कायमची बुजू नये म्हणून २०१३ पासून छताखाली काँक्रीटची रिकामी पेटी बांधून ठेवण्यात आली. बोगद्यासाठी पुरेसा निधी तेव्हा मंजूरही नव्हता.

तेव्हा निवड कशी करावी? यार्ड जंक्शनवर असेल आणि तिथे गाड्या रोज अडत असतील, तर कल्याणचा मार्गच योग्य, मग तो कितीही रखडो. जमिनीच्या पैशाच्या आशेने सांध्यांची जागा विकणे म्हणजे पुढच्या पिढीचे वेळापत्रक विकणे होय. यार्ड खरोखर निकामी झाले असेल तर डेन्व्हरचा आर्थिक साचा घ्यावा, पण किमान दोन मार्ग आरपार ठेवण्याची अट विक्रीच्या करारातच घालावी. छताचा पर्याय कोणी मांडला, तर खांबांचा नकाशा आधी मागावा आणि त्यावर भविष्यातल्या मार्गिका आखून दाखवायला सांगावे. आणि कल्याणच्या बाबतीत प्रवासी संघटनांनी आतापासूनच एक प्रश्न लावून धरायला हवा: मेल-एक्स्प्रेस नव्या फलाटांवर गेल्यावर सामान आणि लहान मुले घेऊन उतरलेल्या प्रवाशाला लोकलच्या फलाटापर्यंत किती चालावे लागेल, पादचारी पूल किती रुंद असेल, आणि सरकते जिने व उद्वाहने फलाटांबरोबरच सुरू होतील की नंतर.