क्लाउडच्या नावाखाली बदलापूरच्या फ्लॅटमधला पीसी

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं मोटरपंप, पाइप, वायरचं दुकान आहे. २००५ च्या पुरानंतर आबांनी भिंतीवर ऑइलपेंटने पाण्याची रेघ मारून ठेवलेली आणि कॉम्प्युटर त्या रेघेच्या वर, पोटमाळ्यावर. २२ जुलै २०२१ ला पाणी रेघ ओलांडून पोटमाळ्यात शिरलं. कॉम्प्युटर गेला, बॅकअपची हार्डडिस्क त्याच्या शेजारीच ठेवलेली ती पण गेली (हो, शेजारीच, हसा). आबांची जुनी खतावणी मात्र गच्चीवर एकेक पान सोडवून वर नटबोल्ट ठेवून वाळवली, बॉलपेनने लिहिलेलं बरंचसं वाचता आलं.

अशा वेळी "टॅली क्लाउडवर टाका, कितीही पाणी भरू दे" म्हणणारा माणूस देवच वाटणार ना. (टॅली म्हणजे आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर, क्लाउड म्हणजे ते दुसरीकडच्या सर्व्हरवरून इंटरनेटने चालवायचं.) दिवाळीच्या आसपास आला, पेठेत सगळ्यांचीच तीच अवस्था, शेजारच्याने घेतलं म्हणून मी घेतलं. वर्षाला २४ हजार, तीन वर्षांचे एकदम दिले तर ६०. म्हणे ॲमेझॉनच्या मुंबईच्या सर्व्हरवर टाकतो, रोज रात्री आपोआप बॅकअप. आता ॲमेझॉनची क्लाउड सेवा मुंबईत २०१६ पासून आहे हे खरंच आहे, त्यामुळे थाप पचली. पैसे त्याच्या पर्सनल नंबरवर जीपे केले, बिल मार्चएन्डला देतो म्हणाला. मी स्वतः जीएसटी बिलाशिवाय साधा फूटव्हॉल्व्ह विकत नाही आणि इथे ६० हजार देऊन गप्प बसलो.

डेस्कटॉपवर एक आयकॉन दिला, क्लिक केलं की वर निळी पट्टी आणि आत आपलं टॅली. चालायचं पण नीट. फक्त पावसाळ्यात मधूनच बंद पडायचं, फोन केला की "सर्व्हर मेंटेनन्स चालूय सर". माझी बहीण बदलापूरला असते, हा माणूसही तिकडचाच. एकदा टॅली बंद म्हणून वैतागून बसलो होतो आणि तिचा फोन, दादा इकडे दोन तास लाइट नाहीये. पुढच्या आठवड्यात परत तेच. तिसऱ्यांदा मीच तिला फोन करून विचारलं, लाइट आहे का गं.

गणपतीला भाचा आला, त्याने निळ्या पट्टीवरचा नंबर (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) नेटवर टाकून बघितला तर तो ॲमेझॉनचा नाहीच, कुठल्यातरी लोकल ब्रॉडबँडवाल्याचा. म्हणाला मामा, हे कोणाच्यातरी घरचं कनेक्शन आहे. त्या माणसाला विचारलं तर "ते राउटिंग असतं सर, तुम्हाला नाही समजणार". आणि मी ऐकून घेतलं! तेव्हाच सगळा डेटा उतरवून घेतला असता तर हे लिहायची वेळ आली नसती.

२०२४ चा जुलै, ९ तारीख, ११ ला जीएसटीआर-१ (महिन्याच्या विक्रीचं जीएसटी रिटर्न) भरायचा आणि आयकॉन उघडेना. दोन दिवस फोन बंद. तिसऱ्या दिवशी म्हणाला हार्डडिस्क उडाली, रिकव्हरीला ४० हजार लागतील. बॅकअप कुठाय विचारलं तर त्याच मशीनच्या डी ड्राइव्हला. म्हणजे मी २०२१ ला जे फुकटात केलं होतं तेच याने ६० हजार घेऊन केलं.

सीएकडे मार्चअखेरचा डेटा होता म्हणून वाचलो. त्यापुढची खरेदी जीएसटी पोर्टलवरच्या २बी मधून (माल देणाऱ्यांनी आमच्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी) काढली, जीएसटीवाल्या पार्ट्यांची बिलं मेपर्यंतची भरलेल्या रिटर्नमधून मिळाली, जूनची बिलबुकाच्या कार्बनकॉप्यांवरून बसवली. पण उधारी पोर्टलवर नसते. एप्रिल-मे आमचा पंपांचा सीझन, बागायतदार "आंब्याचे पैसे आले की देतो" म्हणून नेतात, ती नावं फक्त टॅलीत. अंदाजे दीड लाख. काहींनी स्वतःहून आणून दिले, काहींना आता आठवत नाही. टॅलीचं लायसन्सही त्याने स्वतःच्या ईमेलवर चढवलेलं, ते सोडवण्यात आणखी पंधरा दिवस गेले.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन केला, पोलीस स्टेशनला गेलो. तक्रार घेतली, पण पैसे गेल्याला तीन वर्षं होत आलेली, ते काय आता खात्यात अडकवता येणार होते.

आता सर्व्हरचं खातं माझ्या ईमेलवर, माझ्या कार्डवर आहे, दर महिन्याला बिल आमच्या दुकानाच्या नावाने जीएसटी नंबरसकट येतं. ज्याला सेटिंगचं काम दिलंय त्याला वेगळं लॉगिन, मुख्य पासवर्ड माझ्याकडे. शनिवारी मुनीम बॅकअप उतरवतो आणि घरच्या लॅपटॉपवर रिस्टोर करून शेवटचा बिल नंबर मला फोनवर वाचून दाखवतो, फाइल नुसती पडून आहे यावर माझा आता विश्वास नाही.

परवा गुहागरच्या एका होमस्टेवाल्याने मला एक कोटेशन फॉरवर्ड केलं, बघा म्हणाला कसं वाटतंय. नंबर नवीन, नाव नवीन, पण "कितीही पाणी भरू दे" तेच आणि पैसे पर्सनल नंबरवरच मागितलेत. फक्त दर वर्षाला २६ हजार झालाय.