हवेचा इंटरकूलर की पाण्याचा? छोटी टर्बो घेणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी

एक लिटरची टर्बो पेट्रोल घ्यायची हे ठरलं की पुढची सगळी चर्चा रंग, सनरूफ आणि वेटिंगची होते. टर्बोने दाबलेली गरम हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारा इंटरकूलर कसला आहे, हे कोणी विचारत नाही. कोल्हापुरात गाडी चालवणाऱ्याने मात्र ते विचारावं असं मला मनापासून वाटतं, कारण गाडी बदलताना माझा निर्णय शेवटी याच एका गोष्टीवर झाला.

आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या टर्बो गाड्यांत हवेने थंड होणारा इंटरकूलर असतो. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या १.० टीएसआय या टर्बो पेट्रोल इंजिनात तो पाण्याने थंड होतो आणि थेट इनटेक मॅनिफोल्डमध्येच, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या भागातच, बसवलेला असतो. त्यासाठी कमी तापमानाच्या कूलंटचं, म्हणजे थंड करणाऱ्या पाण्याचं, स्वतःचं सर्किट, पुढे एक वेगळा छोटा रेडिएटर आणि इलेक्ट्रिक पंप असतो. २०१३ साली आलेल्या पोलो जीटी टीएसआयच्या १.२ इंजिनातही हीच रचना होती. मी आधी बरीच वर्षं हवेवाली वापरली, आता दारात पाण्यावाली आहे. भावाकडे अजून हवेवालीच असल्यामुळे दोन्ही आलटून पालटून हातात येतात.

मोकळ्या रस्त्यावर दोघींत फरक शोधूनही सापडत नाही. पुणे-बंगळूर हायवेला सकाळी लागलात, गाडी एका वेगात चालली आहे, इंटरकूलरला समोरून भरपूर वारा मिळतो आहे, तर हवेवाली उत्तमच चालते. वजनाला हलकी, बिघडण्यासारखं फारसं काही नाही.

खरी गोष्ट सुरू होते ती गाडी थांबली किंवा रांगू लागली की. गळीत हंगामात राधानगरी रोडला भोगावती कारखान्याच्या अलीकडे उसाची डबल ट्रॉली पुढे असते. तिच्यामागे पंधरा-वीसच्या वेगाने पाच मिनिटं चाला. वारा नाही, समोर ट्रॅक्टरचा धूर, पंखा फिरतोय तो रेडिएटर आणि एसीसाठी, आणि बॉनेटखालची सगळी उष्णता इंटरकूलरच्या ॲल्युमिनियममध्ये मुरत जाते. मग समोरचा रस्ता मोकळा दिसतो, तुम्ही गिअर खाली टाकून पाय दाबता, आणि गाडी जायला हवी तशी जात नाही. बंद पडत नाही, दिवा लागत नाही, धक्का देत नाही. नुसती जडावलेली वाटते. ट्रॉलीच्या बरोबरीला पोहोचेपर्यंत समोरून एसटी आलेली असते.

ओव्हरटेकचं काम सहा-सात सेकंदांचं असतं. तापलेला इंटरकूलर पुन्हा थंड व्हायला, निदान माझ्या अनुभवात, त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे हवेवाली गाडी पूर्ण ताकदीवर येते तेव्हा गरज संपलेली असते. हवेचा इंटरकूलर लवकर थंड होतो असं त्याच्या बाजूने सांगितलं जातं आणि ते खरंही आहे. अर्धा-एक मिनिट वेगात चालली की गाडी पूर्ववत होते. पण मला ताकद हवी असते ती त्या अर्ध्या मिनिटाच्या आधी.

यात इंजिनाचा दोष नाही. टर्बोने दाबलेली हवा शंभर अंशांच्या पुढे सहज जाते, ती थंड करणं हे इंटरकूलरचं काम. दाब तोच ठेवून आत जाणारी हवा ४० अंशांऐवजी ७० अंशांची झाली, तर तेवढ्याच जागेत हवा सुमारे ९ टक्के कमी मावते. शिवाय गरम हवेत नॉकिंगचा, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल आपोआप भडकण्याचा, धोका वाढतो, म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगी उशिरा टाकतो आणि ताकद आणखी घटते. मोठ्या इंजिनात हे खपून जातं. एक लिटरच्या तीन सिलिंडरला चार माणसं, सामान आणि एसी ओढायचा असतो, तिथे लगेच जाणवतं. ९५ ऑक्टेनचं पेट्रोल टाकून बघा असं कोणी सुचवेल. त्याने नॉकिंगपुरता आधार मिळतो, हवा काही वाढत नाही.

सगळ्यात वाईट अनुभव आंबा घाटाचा. मे महिन्यात रत्नागिरीहून परत येताना साखरप्याला चहाला थांबायचं ही आमच्या घरची रीत. इंजिन बंद केलं की वारा थांबतो, टर्बो आणि एक्झॉस्टची धग मात्र वर चढत राहते. पंधरा-वीस मिनिटांनी गाडी सुरू केली की इंटरकूलर थांबलो तेव्हापेक्षाही गरम असतो, आणि थोड्याच वेळात चढ सुरू. हवेवाली त्या पहिल्या वळणांवर मला दर वेळी खटकत आली. पाण्यावालीतही उष्णता मुरते, नाही असं नाही, पण पाण्याला तापायला बराच वेळ लागतो, आणि पंप चालू असला की साचलेली उष्णता पुढच्या रेडिएटरकडे निघून जाते. चहानंतरच्या चढाला ती जवळपास नेहमीसारखी उचलते. इनटेकचा मार्गही छोटा असल्यामुळे पायाला प्रतिसाद जरा लवकर मिळतो असं मला वाटतं, अर्थात यात टर्बोचा आणि गिअरबॉक्सचाही वाटा असेल.

ओबीडीवर, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला यंत्र जोडून, इनटेक एअर टेंपरेचर (आत जाणाऱ्या हवेचं तापमान) बघून तुलना करणारे पुष्कळ आहेत. आधी तुमच्या गाडीत तो सेन्सर कुठे आहे ते बघा. टर्बोच्या आधी असेल तर तो बाहेरच्या हवेचं तापमान सांगतोय, इंटरकूलरचं नव्हे. दोन गाड्यांचे आकडे शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही ते यामुळे.

पाण्यावालीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तिला तापायला वेळ लागतो तसाच निवायलाही लागतो. संपूर्ण घाट पाय दाबून चढलात तर वर पोहोचता पोहोचता तिची धारही थोडी कमी होते आणि लवकर परत येत नाही. तिच्यात सांधे, पाइप, पंप जास्त, म्हणजे बिघडायला जागा जास्त. पंप गेला तर इंटरकूलर असून नसल्यासारखा, आणि दुरुस्तीचा खर्च हवेवालीच्या तुलनेत अंगावर येणारा. कूलंट ठरलेलाच टाकावा लागतो आणि सर्किटमधली हवा नीट काढावी लागते. हे काम मी रस्त्याकडेच्या गॅरेजात करू देत नाही. हवेवालीत क्लॅम्प बघा, होज बघा, जाळीत अडकलेला चिखल आणि पाचट हलक्या पाण्याने काढा, एवढ्यावर भागतं. जोराचा प्रेशर मारून जाळीचे पत्रे वाकवू नका म्हणजे झालं.

हवेवालीतच मोठा इंटरकूलर बसवायचा मार्गही आहे. उद्यमनगरात ॲल्युमिनियमचं काम करणारे हात आहेत, पाइपही बनवून मिळतील. पण वॉरंटीतल्या गाडीला मी हात लावणार नाही. आणि गाडी रांगताना जाडजूड इंटरकूलरलाही वाऱ्याची गरज असतेच. टर्बोच नको असं ज्यांना वाटतं त्यांनी सरळ साधं पेट्रोल इंजिन घ्यावं, त्यात हा प्रश्नच उरत नाही, फक्त घाटात गिअर जास्त बदलावे लागतील.

तुमचं बहुतेक चालवणं हायवेचं असेल, गाडी आठ-दहा वर्षं ठेवायची असेल आणि खर्च आटोक्यात हवा असेल, तर हवेवाली घ्या, मी अडवणार नाही. ट्रॉलीमागे रांगणं आणि मग एकदम निसटणं हे ज्यांचं रोजचं आहे, त्यांनी थोडे पैसे बाजूला ठेवून पाण्यावालीचा विचार करावा असं मी नम्रपणे सुचवेन.

टेस्ट ड्राइव्ह सकाळच्या गारव्यात घेऊ नका. दुपारी, एसी लावून, गावातल्या गर्दीतून काढा. वाघबीळला इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि लगेच पन्हाळ्याचा चढ धरा. शोरूमवाल्याला विनंती केली तर एवढं करू देतात. दोन्ही गाड्या एकाच दिवशी चालवल्या तर उत्तम.

जुनी पाण्यावाली बघत असाल तर थंड इंजिनवर कूलंटची टाकी उघडून बघा. पातळी खाली असेल आणि मालक म्हणाला, ‘अधूनमधून थोडं पाणी टाकतो की,’ तर ती गाडी मी सोडून देईन.