डीओ की कॅरिबियन एमडी? धरमपेठेतल्या समुपदेशन केंद्राचा आमचा अनुभव

अमेरिकेत डॉक्टर होण्यासाठी सल्ला देणारी ऑफिसं नागपुरात पुष्कळ आहेत. आकडे समोर ठेवून, न रुचणारी गोष्टही तोंडावर सांगणारं मला हे एकच भेटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेडिकल चौकाजवळ माझं औषधांचं दुकान आहे. ऑर्थोच्या जागेसाठी पोरं किती झिजतात ते रोज काउंटरवरून बघतो. माझी भाची न्यू जर्सीत जन्मली, शिकलीही तिथेच, आणि तिला हाडांची सर्जन व्हायचंय. डिसेंबरात ताई तिला घेऊन आली तेव्हा तिच्याकडे दोन प्रवेश होते. एक अमेरिकेतल्याच ऑस्टिओपॅथिक कॉलेजचा, जिथे डीओ पदवी मिळते. दुसरा कॅरिबियन बेटावरच्या कॉलेजचा, जिथे एमडी मिळते. घरात जो तो म्हणे, "एमडी सोडून डीओ कायले घेऊन राहिली? मालिश करनारी डॉक्टर होनार का?" पोरगी अगदी रडकुंडीला आली होती.

केंद्रातल्या समुपदेशक मॅडमनी आधी हाच विषय मिटवला. अमेरिकेतला डीओ हा पूर्ण डॉक्टर असतो. पन्नासही राज्यांत औषधं लिहितो, शस्त्रक्रिया करतो. हाताने करायच्या उपचारांचे सुमारे २०० तास त्याला जास्तीचे शिकावे लागतात, एवढाच काय तो फरक. मग त्यांनी २०२५ च्या रेसिडेन्सी मॅचचे, म्हणजे पदवीनंतर हॉस्पिटलात एखाद्या शाखेच्या प्रशिक्षणाच्या जागा वाटल्या जातात त्याचे आकडे दाखवले: अमेरिकन एमडी कॉलेजांच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांपैकी ९३.५ टक्क्यांना जागा मिळाली, डीओंपैकी ९२.६ टक्क्यांना, आणि बाहेरच्या देशात शिकून आलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी ६७.८ टक्क्यांना. कॅरिबियनवाले या तिसऱ्या रांगेत. ताईचा चेहरा तिथेच खुलला.

पण मॅडम भाचीला म्हणाल्या, "बेटा, हा आकडा कुठली ना कुठली जागा मिळण्याचा आहे. तुला ऑर्थो हवंय, त्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो." या वाक्यासाठी माझे पाच तारे.

फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिन, बालरोग, इमर्जन्सी, फिजिकल मेडिसिन (पुनर्वसन) या शाखांत डीओ मोठ्या संख्येने जातात. त्वचारोग, न्यूरोसर्जरी, प्लास्टिक सर्जरी, कान-नाक-घसा यांत मात्र आजही ते मोजकेच. ऑर्थोत वाट आहे, पण चिंचोळी. पूर्वी डीओंच्या स्वतःच्या रेसिडेन्सी होत्या, त्यांचा मॅचही वेगळा असे. २०२० पर्यंत दोन्ही व्यवस्था एक झाल्या. त्यामुळे सगळीकडचे दरवाजे डीओंना उघडले, पण त्यांच्या राखीव जागांवर एमडीही अर्ज करू लागले. ऑर्थोच्या ज्या रेसिडेन्सी आधीपासून डीओंच्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी अजून त्यांना आपुलकीने घेतात. आधी लक्ष तिकडे ठेवायचं, असं मॅडमचं म्हणणं.

परीक्षांचंही त्यांनी नीट उलगडून सांगितलं. डीओंना कॉमलेक्स ही त्यांची परवान्याची परीक्षा द्यावीच लागते, पण ऑर्थो हवं असेल तर एमडीवाले देतात ती यूएसएमएलईही द्यायची, म्हणजे अभ्यास दुहेरी आणि फी पण दुहेरी. २०२२ पासून यूएसएमएलईच्या पहिल्या टप्प्याला, स्टेप १ ला, गुण नाहीत, फक्त पास किंवा नापास. छोट्या कॉलेजातली हुशार पोरं याच गुणांवर नाव काढायची, ते हत्यार गेलं. आता भार स्टेप २ वर, शोधनिबंधांवर, आणि दुसऱ्या हॉस्पिटलात महिनाभर राहून काम दाखवण्यावर. पुष्कळ डीओ कॉलेजांना स्वतःचं मोठं हॉस्पिटल नसतं. मग ओळखीचा सर्जन कुठून आणायचा, शिफारसपत्र कोण देणार? मला ही सगळ्यात मोठी अडचण वाटते. आपल्या मेडिकल कॉलेजात वॉर्ड पायऱ्या उतरून गाठता येतो, तिथे त्यासाठी दुसऱ्या राज्यात जावं लागतं.

सगळ्यात उपयोगी पडली ती कॉलेजांची मॅच-यादी, म्हणजे कुणाला कुठली रेसिडेन्सी मिळाली ती यादी, वाचायची पद्धत. यादीत 'सर्जरी' लिहिलेलं दिसलं की आपण खूश होतो. मॅडमनी त्यातल्या 'प्रिलिमिनरी' जागांवर पेन्सिलने खुणा करायला लावल्या. ती जागा एका वर्षाची असते, पुढे काय याची हमी नसते. मग एकेका वर्षाचे ऑर्थो मोजायला सांगितले, आणि पहिल्या वर्षाला किती बसले, शेवटी किती उरले हे कॉलेजला ईमेलने विचारायला सांगितलं. डीओ कॉलेजचं उत्तर दोन दिवसांत आकड्यांसह आलं. कॅरिबियनवाल्यांनी माहितीपुस्तिका पाठवली.

एक तारा कापतो, त्याचं कारण खर्च. १ जुलै २०२६ पासून तिथे नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद होतंय. डॉक्टरकीसाठी सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५० हजार डॉलर, एकूण २ लाख. भाची ऑगस्टमध्ये सुरू करणार, म्हणजे हे थेट तिच्यावर येतं, आणि आम्हाला ते ताईच्या शेजाऱ्यांकडून कळलं. दोन हजार फी घेणाऱ्या केंद्राने हे पहिल्या बैठकीतच सांगायला हवं होतं. लेखी अहवालही कबूल केलेल्या तारखेच्या बराच नंतर आला, तोवर ताई परत गेली होती.

मॅडमचं बोलणं मात्र मनापासूनचं. शेवटी त्यांनी आम्हा मोठ्यांना बाहेर बसवलं आणि भाचीशी एकटीशी बोलल्या: ऑर्थो नाहीच मिळालं तर फिजिकल मेडिसिनमध्ये, लोकांना पुन्हा पायावर उभं करण्यात, मन रमेल का? दोन दिवस विचार करून ती "हो मामा, रमेल" म्हणाली, मगच ताईने डीओ कॉलेजचं डिपॉझिट भरलं.

मूल भारतीय नागरिक असेल तर जाण्याआधी फोनवरच तसं सांगा. परदेशी विद्यार्थी घेणारी डीओ कॉलेजं थोडी आहेत, त्यांची यादी मॅडम वेगळी काढून ठेवतात. शनिवारी गर्दी असते, सकाळची वेळ मागा.