मेरीला लाल दिसला: कसब मिळालं की संकल्पना?

तत्त्वज्ञ फ्रँक जॅक्सन यांच्या विचारप्रयोगातली (१९८२) काल्पनिक शास्त्रज्ञ मेरी काळ्या-पांढऱ्या खोलीत वाढते. रंगदृष्टीचं सगळं भौतिक ज्ञान तिच्याकडे आहे. बाहेर येऊन ती पिकलेला टोमॅटो पाहते आणि तिला काहीतरी नवं कळतं. मग भौतिक ज्ञान अपुरं होतं का? भौतिकवाद्यांकडे, म्हणजे मनासकट सगळं भौतिकच आहे असं मानणाऱ्यांकडे, दोन उत्तरं आहेत.

लॉरेन्स नेमिरो आणि डेव्हिड लुईस म्हणतात, माहिती नवी नाही. लाल आठवणं, कल्पिणं, ओळखणं ही कसबं नवी. पोहण्याचं पुस्तक पाठ असून पोहता येत नाही, तसंच. पटकन पटतं. (जॅक्सनही पुढे भौतिकवादी झाले, तेव्हा त्यांनी हेच जवळ केलं.) पण घोडं अडतं छटांवर. साडीच्या दुकानात समोरची नेमकी लाल छटा कशी भासते हे पाहताना कळतं. पाच मिनिटांनी शेजारच्या छटेतून ती निवडता येत नाही. कसब नाही, तरी कळलं होतंच.

ब्रायन लोर (१९९०) यांचं उत्तर जास्त टिकतं: वस्तुस्थिती जुनीच, तिची संकल्पना नवी, आणि ती अनुभवाशिवाय घडत नाही. मात्र डेव्हिड चाल्मर्स विचारतात, ही संकल्पना तरी निव्वळ भौतिक भाषेत उलगडते का? उलगडली, तर मेरीला नवं काय कळलं ते सांगता येत नाही. नाही, तर भौतिकवादाचीच पंचाईत.