नऊ महिने, पाच बोरू आणि एक महागडं पेन : देवनागरी सुलेखनाचा वापरानंतरचा अनुभव

आधी माझा धंदा सांगते. कराडला आमचं औषधांचं दुकान आहे. गेली सोळा वर्षं मी रोज डॉक्टरांचं अक्षर वाचते आहे. त्यामुळे सुंदर अक्षराची भूक मला इतरांपेक्षा जरा जास्तच लागली असावी. २०२५च्या प्रजासत्ताक दिनी सुलेखनकार अच्युत पालव यांना पद्मश्री जाहीर झाल्याची बातमी वाचली, त्यांची कामं मोबाइलवर बघत बसले, आणि महिन्याभरात सामान मागवून मोकळी झाले. हा अनुभव त्या सामानाचा आहे, आणि थोडा माझ्या मनगटाचाही.

पहिली खरेदी जपानी बनावटीच्या पेनाची. निबेच्या जागी समोरासमोर बसवलेले दोन सपाट पत्रे, शाई त्यांच्या मधून उतरते. ३.८ मिलिमीटर रुंदीचं घेतलं, बाराशेच्या आसपास पडलं. सोबत दोन कार्ट्रिज आणि पत्र्यांमध्ये सरकवून साफ करायची एक पातळ पट्टी. पेन म्हणून बघाल तर झकास. शाई कधी तुटत नाही, काना वरून खालपर्यंत एका जाडीचा येतो, कोपऱ्यावर धरलं तर केसासारखी बारीक रेघही मारता येते. दोन रंगांची दोन पेनं असतील तर टोकाला टोक लावायचं, मग एका रंगातून दुसऱ्यात उतरत जाणारी अक्षरं निघतात. मैत्रिणीचं पेन उसनं आणून मी एक अख्खा रविवार यात घालवला. कामाचं काहीच झालं नाही, पण मजा आली.

शिकायचं कुणाकडून? दुकान रात्री साडेनऊला बंद होतं, क्लास परवडणारा नव्हता. म्हणजे पैशाने परवडला असता, वेळेने नाही. मग व्हिडिओ. त्यात बहुतेक सगळे इंग्रजी अक्षरांचे. पेन कसं धरायचं, किती अंशात, सगळं त्यांच्याकडूनच उचललं. महिनाभर रोज दोन पानं गिरवली आणि आपल्याला जमतंय असं वाटायला लागलं.

माझे सासरे आप्पा, वय चौऱ्याऐंशी. त्यांच्या शाळेत बोरूच्या लेखणीने कित्ता गिरवायला लावत. एका रात्री पाणी प्यायला उठले, माझ्या टेबलापाशी थांबले, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, ‘‘अक्षर छान आहे गं. पण हे इंग्रजी वळणाचं मराठी आहे.’’

मी जरा घुश्शातच विचारलं, ‘‘म्हणजे काय, आप्पा?’’

त्यांनी माझ्या ‘ठ’वर बोट ठेवलं. ‘‘ह्याची जाडी उलट्या खांद्याला पडलीय.’’

खरंच पडली होती. रुंद टोकाच्या पेनाने गोल काढला की तो सगळीकडे सारखा जाड येत नाही, दोन ठिकाणी फुगतो, दोन ठिकाणी बारीक होतो. इंग्रजी ‘ओ’मध्ये हा फुगवटा खाली डावीकडे आणि वर उजवीकडे असतो. आपल्या जुन्या छापील आणि हस्तलिखित देवनागरीत बरोबर उलटं : वर डावीकडे आणि खाली उजवीकडे. म्हणून आपल्या ‘र’चं शेपूट निमुळतं होत जातं. मी मात्र ते सोटासारखं काढत होते. महिनाभर गिरवलेली पानं घेऊन बसले तेव्हा एकेका अक्षरात तेच दिसायला लागलं. एकदा दिसलं की मग न दिसणं शक्य नाही. आता दुकानांच्या पाट्यांवरही दिसतं. जेवताना समोरच्या कॅलेंडरवर दिसतं. नवरा वैतागलाय.

सरळ टोकाच्या पेनाने हा कोन साधायचा तर मनगट भलतंच मुरडावं लागतं. अर्ध्या तासात अंगठ्याच्या मुळाशी ठणका. कागद तिरका फिरवून काम थोडं सोपं होतं, पण मग ओळ सरळ राहत नाही. यात पेनाची काही चूक नाही. ते ज्या लिपीसाठी घडवलंय तिथे ते राजा आहे.

मग आला बोरू. नदीकाठच्या एका गवताचं हे नाव, त्याच्या दांड्यातून केलेल्या लेखणीलाही तेच. पाच तयार बोरूंची जुडी एकशेवीस रुपयांना मिळाली. त्यातल्या दोन आल्या त्याच चिरलेल्या, एकीचं टोक मीच पहिल्या दिवशी दाबून फोडलं. उरल्या दोन, आणि त्यांचंही टोक सरळच कापलेलं. आप्पा म्हणाले, ‘‘दे इकडे, आणि पालेभाजीची सुरी आण. नवी नको, धारेची आण.’’

त्यांनी कापला ते मी अगदी जवळून पाहिलं. आधी टोकाकडच्या दोन बोटांवर लांब उतरता छेद दिला, पन्हाळीसारखा. आतला मऊ मगज नखाने आणि सुरीच्या टोकाने खरवडून काढला. तो राहिला तर शाई पितो आणि ऐन वेळी भळकन सोडतो. मग दोन्ही बाजू थोड्या थोड्या तासून टोक हवं तेवढं रुंद ठेवलं. मधोमध एक बारीक चीर. शेवटी जुन्या फोटोफ्रेमची काच खाली ठेवली, टोक काचेवर टेकवलं, सुरी तिरकी धरली आणि एकाच दणक्यात कापलं. ‘टक्’ असा आवाज झाला. ‘‘आवाज असा आला पाहिजे. करकर आली तर धार गेली समज.’’ तिरका काप पॉलिश पेपरवर दोनदा फिरवला, झालं.

त्या तिरक्या कापाने माझं मनगट सुटलं. हात जसा सहज टेकतो तसा टेकवायचा, कोन लेखणीच सांभाळते. पहिला ‘ठ’ काढला, जाडी आपोआप योग्य खांद्याला. मला उगाचच आपण फार हुशार असल्यासारखं वाटलं. काम सगळं सुरीने केलं होतं.

आता बोरूचे वाईट गुणही सांगते, नाहीतर लोक लगेच मागवतील. शाई दोन-तीन अक्षरांपुरतीच टिकते. बुडवताना कडेला टोक निपटलं नाही तर पहिल्या कान्यावर थेंब बसलाच म्हणून समजा. शाई संपत आली की रेघेत पांढरे केस दिसायला लागतात. काहींना ते आवडतं, मलाही आता आवडतं, पण लग्नाच्या पाकिटावर यजमानांना आवडत नाही. रोज तासभर लिहिलं तर टोक महिन्या-दीड महिन्यात बोथट होतं, पुन्हा कापावं लागतं. आणि प्रवासात दौत नेणं म्हणजे काय ते माझ्या क्रीम रंगाच्या पर्सला विचारा.

शाईचा धडा मी महागात शिकले. बोरूसाठी आणलेली काळी वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक ‘भरून तर बघू’ म्हणून त्या बाराशेच्या पेनात भरली. असल्या शाईत लाखेसारखा चिकट पदार्थ असतो, तो वाळला की पाण्याने निघत नाही. दोन दिवसांनी पेन ठार बंद. कोमट पाण्यात तीन रात्री भिजवलं, पट्टी फिरवली, तेव्हा कुठे अर्धवट सुरू झालं. पेनात फक्त पाण्यात विरघळणारी शाई, बोरूला काहीही चालतं. पाण्यात कालवलेला पोस्टर कलरसुद्धा बोरूला चालतो. तो सायीइतपत दाट ठेवायचा आणि बोरू त्यात न बुडवता ब्रशने वरून भरायचा.

कागदावर फार बोलत नाही. झेरॉक्सच्या ७० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागदावर शाई फुटते, १०० जीएसएमचा गुळगुळीत कागद सरावाला पुरतो. हातकागदाचा मोह सगळ्यांना होतो, पण तो घ्यायचा तर हातात घेऊन, कोपऱ्यावर थेंब टाकून बघूनच. मी एकदा फोटो बघून वीस ताव मागवले. त्यावर अक्षर काढलं की त्याला चारी बाजूंनी पाय फुटत. ते ताव आता मुलीच्या प्रोजेक्टला जातात. पुढच्या वेळी पुण्याला काम निघालं तेव्हा शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत जाऊन बघून आणले, ते अजून पुरतायत. ब्रशपेन मात्र खरखरीत कागदावर वापरू नका. दोन महिन्यांत टोकाचा झाडू होतो.

सरावापलीकडे पहिलं ‘खरं’ काम मिळालं ते शेजारच्या डेअरीच्या फलकाचं. श्रीखंड, बासुंदी, पनीर सगळं सुरेख उतरलं. शेवटची ओळ ‘खरवस’. मी ‘ख’ खाली न जोडता काढला आणि ‘र’, ‘व’ ऐटीत जवळ आणले. संध्याकाळपर्यंत तीन गिऱ्हाइकांनी डेअरीवाल्या काकांना विचारलं, ‘‘हे खखस काय आहे?’’ ‘ख’च्या ‘र’चं शेपूट ‘व’ला खाली का जोडायचं, हे त्यानंतर मला कुणी शिकवायला लागलं नाही. अक्षरांमधलं अंतर पट्टीने मोजून येत नाही. दोन कान्यांमध्ये जास्त सोडावं लागतं, ‘र’च्या पोटात आधीच मोकळी जागा असते म्हणून तिथे कमी. अक्षरांच्या माथ्यावरची रेघ मारायच्या आधी एकदा लांबून बघायचं.

रेघेसाठी एक युक्ती आप्पांच्या मोडीच्या आठवणीतून मिळाली. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून घेत आणि मग अक्षरं तिला खालून लटकवत. मी सरावात तसं करून बघितलं. अक्षरांचे माथे वरखाली होणं थांबलं. पक्क्या कामात मात्र मी रेघ शब्द झाल्यावरच मारते, कारण सुरुवातीलाच मारली की शब्द किती जागा खाणार याचा अंदाज चुकतो.

आणखी एक खोड लागली : ‘ल’ आणि ‘श’. मोबाइल-संगणकावर बहुतेक वेळा हिंदी वळणाचा दांडीचा ‘ल’ येतो आणि तोच बघून बघून हातात बसतो. शासनाच्या २००९च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ धरला आहे. निर्णयाचं सोडा, बोरूने पाकळीचा ‘ल’ काढून बघा. दोन पाकळ्या फुगून येतात आणि मधली खाच बारीक राहते, तेव्हा हे अक्षर याच लेखणीने घडवलंय हे हाताला कळतं. लहानपणी पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती मी कापून ठेवायचे, त्या नावांच्या अक्षरांसाठी. ती अक्षरं कमल शेडगे यांची होती हे कितीतरी उशिरा समजलं. ती कात्रणं आज काढून बघितली तर एकेका नावात ‘ल’ कुठे ताणलाय, कुठे दडपलाय हे बघत तासभर जातो.

खर्चाचा हिशेब : नऊ महिन्यांत साधारण चार हजार, त्यातले निम्मे चुकांचे. पेन विकलं नाही. पाकिटांवर पत्ते, गावाला असताना सराव, इंग्रजी नावं, याला तेच वापरते. कागद पंधरा-वीस अंश फिरवून छोटी मराठी अक्षरंही बरी येतात. मोठं काम, दाराची पाटी, गणपतीच्या मखरावरचा मजकूर, हे सगळं बोरूने. पहिल्यांदा सुरुवात करणाऱ्याने काय घ्यावं असं विचाराल तर बोरू, एक धारेची सुरी आणि पोस्टर कलरची बाटली. आणि कापून दाखवणारं कुणी घरात असेल तर त्यांच्यासाठी चहा.

सगळ्यात जास्त वापर मात्र अनपेक्षित ठिकाणी झाला. दुकानात गोळ्यांच्या कागदी पाकिटांवर मी आता चपट्या टोकाच्या मार्करने ‘सकाळी’, ‘रात्री’, ‘जेवणानंतर’ असं मोठं, सुटं लिहिते. मार्करचं टोकही ब्लेडने तिरकं कापून घेतलंय. परवा उंडाळ्याच्या बाजूच्या एक मावशी नेहमीची रक्तदाबाची गोळी घ्यायला आल्या, जुनं पाकीट घडी घालून जपून आणलेलं. म्हणाल्या, ‘‘ताई, ह्याच्यातच घाला. मला ह्याच्यावरचं वाचता येतंय.’’ पाकीट मऊ पडलं होतं, ‘रात्री’वरची वेलांटी पुसत आली होती. मी नवं लिहून दिलं. घाईत ‘त्री’चा ‘र’ जरा घसरला.